उरलेला शब्द

यशोधरा पाण्याचा पेला घेऊन वडिलांच्या खाटेशी उभी होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं, नुसता घशातून एक ओला घरघराट यायचा. त्या सकाळी त्यांनी पेल्याकडे पाहिलं, जिवणीची धड असलेली बाजू हलवली आणि स्वच्छ, दुकानातून नवीन आणल्यासारखा शब्द उच्चारला. "पॅटर्न." दिवसभर त्यांना बघणारी माया स्वयंपाकघरातून धावत आली. "ताई, बाबा बोलले ना?" तिचे डोळे भरून आले होते. यशोधराने पेला तिच्या हातात दिला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीचं बांधकाम चाललं होतं, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात त्या वर्षी जिकडे बघावं तिकडे बांबूच्या परांच्या होत्या, आणि एक बाई डोक्यावर वाळूचं घमेलं घेऊन जिना चढत होती. यशोधरा तिच्याकडे बघत राहिली. आपल्याला जे वाटतंय तो आनंद नाही, हे तिला कळत होतं. आतून वडिलांचा आवाज पुन्हा आला. "पॅटर्न, पॅटर्न." माया विचारत होती, उशी देऊ का, पंखा लावू का, आणि प्रत्येक प्रश्नाला तोच शब्द. सगळे शब्द जळून गेले होते आणि तो एक राहिला होता. दुसरा कुठलाही राहिला असता तर आपण कदाचित रडलो असतो, असं तिला वाटलं. पण तो राहिला होता.

तिचे वडील सुदाम अंबरनाथच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतकामाच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती काळ्या वाळूत दाबायची, अलगद काढायची, मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, की कास्टिंग तयार. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. सागवानाची, दोन भागांत उघडणारी, पॉलिश केलेली. कुणी तिला साचा म्हटलं की सुदामना खपायचं नाही. "साचा वाळूचा. तो मोडतो. पॅटर्न मोडत नाही. पॅटर्नमधून साचा होतो, साच्यातून पॅटर्न होत नाही." हे वाक्य यशोधराने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही तिला त्याची चाल आठवायची. साचे भरणारे मोल्डर लोक वाळूत बसत, काळे होऊन घरी जात. सुदाम पांढऱ्या शर्टात जात आणि पांढऱ्या शर्टात परत येत. विठ्ठलवाडीला ते राहत त्या चाळीत त्यांच्याइतकं इंग्रजी कुणाला येत नव्हतं. अलाउन्स, टेम्प्लेट, ड्रॉइंग, पॅटर्न. शब्द ते जिभेवर ठेवून बोलत, जसं कुणी पेढा ठेवतं.

रविवारी पाहुणे यायचे. कामावरचे दोघेतिघे, कधी वस्तीतले कार्यकर्ते, कधी आईच्या माहेरचं कुणी. चहा झाला की सुदाम कपाटावरून एक छोटी लाकडी पुली, म्हणजे पुलीचा पॅटर्न, काढायचे, कधीतरी कामावरून बाद झालेली, घरी आणून ठेवलेली. ती टेबलावर ठेवून आत हाक मारायचे. "सुंदरा, बाहेर ये जरा." सुंदराबाई पदराला हात पुसत दारात यायची. "पाहुण्यांना सांग, हे काय?" ती खाली बघायची. "सांग ना. लाजतेस काय?" मग ती म्हणायची, "प्याटन." पाहुणे हसायचे. "परत म्हण. पॅ-ट-र्न." "प्याटन." "बघा," सुदाम म्हणायचे, "वीस वर्षं संसार केला पॅटर्नवाल्याशी, पण एक शब्द नाही शिकली. अरे, बाबासाहेबांनी आपल्याला काय सांगितलं? शिका म्हणाले. हिला कोण सांगणार?" पाहुणे पुन्हा हसायचे. आई तोंडाला पदर लावायची आणि आत जायची. यशोधरा आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची. आई स्टोव्हपाशी पाठ करून बसली की तिचे खांदे हलताना तिला दिसायचे. एकदा ती उठून आईजवळ गेली होती, पण आईने मागे न बघता हाताने तिला दूर केलं. तेव्हापासून तिने जाणं सोडलं. नुसती मोजत राहिली नाही, साठवत राहिली. पुली टेबलावर ठेवल्याचा तो आवाज, ते 'परत म्हण', ते हसू. त्या हसण्यात कुणाचं काय जात होतं? पण ती मुलगी होती, आणि आपली आई माणसांसमोर लहान होत जाते हे बघणं कसं असतं ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

तिने इंग्रजी घेतलं ते त्यामुळे. इतकं शिकायचं की त्यांच्या चुका काढता येतील, एवढाच तिचा हेतू होता. तिने बी.ए. केलं, एम.ए. केलं, उल्हासनगरच्या कॉलेजात लागली. पण झालं उलटंच. ज्या दिवशी तिची नेमणूक झाली त्या दिवशी सुदामनी पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "पॅटर्न मी, कास्टिंग ही." ती बाजूला उभी होती. तिच्या सगळ्या रागाचं त्यांनी एका वाक्यात स्वतःचं यश करून टाकलं. त्यानंतर तिने त्यांच्याशी इंग्रजीत एक शब्द उच्चारला नाही. आई गेली तेव्हाही, बदलापूरला घर घेऊन तीन वर्षं झाली होती, सुदामनी स्मशानात मुकेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भोळी होती बिचारी. अडाणी, पण भोळी." मुकेश यशोधराचा भाऊ, तो नोकरीसाठी नाशिकला होता, त्याने मान हलवली. यशोधराने त्या वेळी ठरवलं की हे शब्द मी तुम्हाला कधीतरी परत देईन. कसे, ते ठरलं नव्हतं. लग्न तिने केलं नाही. वडिलांना सोडून जायला नको म्हणून, असं नातेवाईक कौतुकाने म्हणत. खरं म्हणजे तिला ते नजरेआड व्हायला नको होते.

कॉलेजात त्या महिन्यात सगळीकडे तोच शब्द. बारावीच्या पेपरचं स्वरूप बदलणार अशी आवई उठली होती. वर्गात शिरलं की पुढच्या बाकावरून सुरू व्हायचं. "मॅडम, पेपर का पॅटर्न चेंज हुआ है क्या? न्यू पॅटर्न का कुछ नोट्स दो ना." जीन्सच्या कारखानदारांची मुलं, त्यांच्या घरी पॅटर्न म्हणजे कापड बेतायला खिळ्याला टांगलेले खाकी पुठ्ठ्याचे पाय आणि खिसे. एका मुलीने सांगितलं, तिच्या पपांनी दुसऱ्याचा पॅटर्न चोरला म्हणून मार्केटमध्ये मारामारी झाली. वर्ग हसला. यशोधराला हसू आलं नाही. ती मधल्या तासाला ग्रंथालयात गेली आणि मोठा शब्दकोश उघडून उभ्याउभ्याच वाचू लागली. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून तिने हा एक शब्द कधी उघडून पाहिला नव्हता, जसं घरातली एखादी खोली आपण उघडत नाही. पॅटर्न आणि पेट्रन, म्हणजे पालनकर्ता, आश्रयदाता, हे मुळात एकच होते. मागे जात जात लॅटिनमध्ये, आणि तिथून आणखी मागे, बापाच्या शब्दापर्यंत. बाप, मग धनी, मग ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी वागायचं असा माणूस, मग ज्याच्यावरून दुसरी वस्तू करायची अशी वस्तू. कित्येक शतकं दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहत होते, नंतर उच्चार घसरला, अक्षरं इकडची तिकडे झाली आणि वस्तू माणसापासून सुटी झाली. नक्षी, पुन्हा पुन्हा येणारी आकृती, माणसाच्या वागण्याची ठरलेली रीत, हे सगळं त्यानंतरचं. ती ते वाचून बाकावर बसली. म्हणजे हा माणूस पेल्याकडे बघून, उशीकडे बघून, लघवी झाली तरी, बाप, बाप म्हणत होता. मी, मी, मी. आधीही तेच म्हणत होता. ग्रंथपालाने विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "मजेत आहे." आणि खरंच, बऱ्याच दिवसांनी तिला मजेत वाटत होतं.

सुहासिनी नावाची वाचा-उपचार करणारी बाई दर शनिवारी यायची. गोड बोलणारी, वयाने यशोधरापेक्षा लहान. तिने समजावून सांगितलं होतं, बाबांना कळतं सगळं. ते पाणीच मागतात, त्यांच्या डोक्यात पाणीच असतं, तोंडातून मात्र हाच शब्द निसटतो. "त्यांना वस्तू दाखवा, नाव सांगा, शोधायला वेळ द्या. घाई करू नका. आणि हसू नका, ते मनाला लावून घेतात." यशोधराने यातलं पहिलं सगळं लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून ती कॉलेजातून आली की खुर्ची खाटेजवळ ओढून बसू लागली. पेला हातात धरायचा. "बाबा, हे काय?" "पॅटर्न." "नाही. परत म्हणा. पा-णी." "पॅ... पॅटर्न." "परत." ओठ सुकलेले असायचे, जीभ त्यांच्यावरून फिरायची, धड हात पेल्याकडे यायचा आणि ती पेला तेवढाच मागे घ्यायची. आवाज चढवायची नाही. वर्गात कच्च्या मुलाशी बोलावं तसं शांतपणे. वेळ देतेय ना, ती मनात सुहासिनीला म्हणायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी जमायचं तेव्हा ती तिकडेच बघत राहायची, नजर न हलवता. आईचे डोळे तिला कधी दिसले नव्हते, पाठच दिसली होती. हे डोळे तिला पुरेपूर बघायचे होते. एकदा माया दारातून म्हणाली, "ताई, देऊन टाका ना. तहानलेत ते." "व्यायाम आहे तो," यशोधरा म्हणाली. मायाचं घर मांजर्लीला, मोठ्या पुरात तिचं सगळं वाहून गेलं होतं, तेव्हापासून ती कुणाशी वाद घालायची नाही. पण त्यानंतर यशोधरा यायच्या वेळेआधी ती बाबांना पोटभर पाणी पाजून ठेवू लागली. यशोधराच्या ते लक्षात आलं. मग तिने पेल्याऐवजी चष्मा घेतला, वर्तमानपत्र घेतलं, आणि शेवटी आईचा फोटो. "ही कोण?" त्यांनी फोटोकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. गळ्याची शीर फुगली. "पॅटर्न," ते म्हणाले, आणि मान फिरवून घेतली.

आईच्या स्मृतिदिनाला तिने मुद्दाम माणसं बोलावली. दरवर्षी घरातल्या घरात व्हायचं, या वर्षी तिने फाउंड्रीतल्या जुन्या लोकांना फोन केले. त्यांना बाबांना भेटायचंच होतं. सकाळी वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. त्या वेळी सुदामही ओठ हलवत होते, पण कुणाला काही ऐकू आलं नाही. मग चहा झाला. भगवान आले होते, सुदामचे पॅटर्न शॉपमधले जोडीदार, आता खूप स्थूल झालेले. आणखी दोघे होते. आणि हरिचंद्र होते, मोल्डिंगमधले, बदलापूरजवळच्याच गावचे, हाताच्या रेषांत अजून काळं भरलेलं. त्यांना यशोधराने बोलावलं नव्हतं, भगवानांबरोबर ते आपण होऊन आले होते. खाटेभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. यशोधरा पदर खोचून मध्ये उभी राहिली. तिला आपला आवाज बाहेरून ऐकू येत होता, नीटनेटका, आर्जवी. "बाबा आता बोलायला लागलेत. बघायचंय का?" तिने बशीतला पेढा उचलला. "बाबा, पाहुण्यांना सांगा, हे काय?" सुदामनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. पेढ्याचं नाही, बाकीचं. त्या धड डोळ्यात ओळख उजळली आणि तिथेच थांबली. "सांगा ना. लाजताय काय?" ते गप्प राहिले असते तर ती हरली असती. पण त्यांना गप्प राहता येत नव्हतं, माणसं बघून त्यांचं तोंड उघडायचंच. "पॅटर्न," ते म्हणाले. भगवानांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. दुसरा एक जण उघड हसला. "सुदामदा, अजून फाउंड्रीतच आहात की." "परत म्हणा," यशोधरा म्हणाली. तिची बोटं पेढ्यात रुतली होती. "परत." "पॅटर्न. पॅटर्न. पॅटर्न." त्यांच्या तोंडातून लाळ हनुवटीवर आली. आता कुणी हसत नव्हतं. हरिचंद्र उठले, स्वतःच्या रुमालाने त्यांनी सुदामची हनुवटी पुसली आणि ते गॅलरीत गेले.

ती त्यांच्या मागे गेली, का ते तिला माहीत नव्हतं. कदाचित त्यांनी काही बोलावं आणि आपण उत्तर द्यावं, इतक्या वर्षांचं तयार असलेलं. ते कठड्याला टेकून उभे होते. "यशो," ते म्हणाले, "ह्यो खेल तुझा बापूस करायचा. तुझ्या आईसंगती. मना म्हाईत हाय."

"मग बरं झालं काका. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"तुझी आई डबा घेऊन यायची गेटावर. बापूस डबा घेऊन आत जायचा, पॅटर्नवाल्यांचं जेवन आत. आमी बाहेर, वालूतले. ती आमच्यात बसायची, सुट्टी संपेपर्यंत." त्यांनी विचारलं, "तुना कधी बोलली नाय ती?"

"काय?"

"तिला बराबर बोलता येत व्हतं गो. पॅटर्न. साहेबावानी बोलायची. तुझ्या बापाची नक्कल करायची, मान अशी ताठ करून, 'सुंदरा, बाहेर ये जरा.' आमच्या पोटात दुखायचं हसून हसून. मी एकदा इचारलं, भावजय, मग घरात असं का बोलते? तर बोलली, जाऊ दे, तेवढंच त्याला मोठं वाटतं. आनि मी पदर लावून हसून घेते."

खाली काँक्रीटचं यंत्र सुरू झालं आणि काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. हरिचंद्रांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि ते पाहुण्यांत गेले. यशोधरा कठडा धरून राहिली. स्टोव्हपाशी पाठ करून बसलेल्या आईचे खांदे तिच्या डोळ्यांसमोर हलत होते आणि तिला ते थांबवता येईनात. ते रडणं नव्हतं. तेव्हा तिने आपल्याला हाताने दूर केलं ते हे हसू लपवायला. वाळूने काळ्या झालेल्या त्या माणसांना, गेटावरच्या, तिने ते हसू दिलं होतं, आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन जळत बसलेल्या मुलीला दिलं नव्हतं. का नाही? मूल बापाला जाऊन सांगेल म्हणून? की ही बापावर गेली आहे, असं तिलाही वाटत होतं? जिच्यासाठी आपण आयुष्यभर हा निखारा ओंजळीत धरला, तिचा सूड तर तिने त्याच वेळी, दुपारच्या सुट्टीत, डब्याशेजारी बसून उरकला होता. मग आपल्या हातात आहे तो कुणाचा? तिला वाटलं, इथे आपण थांबायला हवं. पुस्तकातल्या माणसाने इथे थांबून आत जाऊन वडिलांचे पाय धरले असते. शब्दाचं मूळ कळलं, हसण्याचं मूळ कळलं. पण मूळ कळल्याने शब्दाचा आजचा अर्थ बदलत नाही, हे ती मुलांना दरवर्षी शिकवत होती. आईला हसू आलं असेल. बाबांनी मात्र तिला रडवायलाच बोलावलं होतं, दर रविवारी. आणि आता तिच्या हातात असं काही आलं होतं जे पेल्यापेक्षा, पेढ्यापेक्षा कितीतरी धारदार होतं.

पाहुणे गेले. मायाला तिने भांडी घासायला बसवलं. दुपारचं ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं, सुदाम डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. तिने खुर्ची ओढली. "बाबा," ती म्हणाली, "आईला तो शब्द येत होता." त्यांनी डोळे उघडले. तिने सगळं सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. गेट, वाळूतले लोक, ताठ मान, 'सुंदरा, बाहेर ये जरा'. तिने नक्कलही करून दाखवली, आईने कशी केली असेल तशी. "सगळ्या मोल्डिंग शॉपला माहीत होतं. तुम्ही गेटातून आत गेलात की ते हसायचे. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं." ती थांबली. ते तिच्याकडे बघत होते, आणि तिला हवं होतं ते हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं, मेलेल्या बाजूवरसुद्धा. ते मनाने मागे जात होते, एकेका रविवारी, एकेका पाहुण्यापाशी थांबून. त्यांचं तोंड उघडलं. तिने वाट पाहिली. ओठ जुळले, पहिल्या अक्षरासाठी जुळतात तसे, आणि तसेच राहिले. मग ते सुटले, काही न उच्चारता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी त्यांनी पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली, पण तोंडातून आवाज आला नाही, मायाने तऱ्हेतऱ्हेने विचारलं तरी नाही. शनिवारी सुहासिनी आली. तिने चित्रांचे पत्ते काढले, गाय, घड्याळ, छत्री. सुदाम पत्त्यांकडे बघत होते, सगळं समजून, शाळा सोडलेल्या माणसासारखे. तिने गाणं म्हणून पाहिलं, टाळी वाजवून पाहिली. तासाभराने ती बाहेर येऊन पर्स उचलता उचलता थबकली. "एवढं चांगलं चाललं होतं. तो शब्द त्यांचा आधार होता, त्याच्यावरून आपण बाकीचे आणले असते. तोही गेला. घरात काही झालं का?" माया दारात उभी होती. ती यशोधराकडे बघत नव्हती.

"नाही," यशोधरा म्हणाली. "काही झालं नाही."

सुहासिनी गेल्यावर ती आत आली. सुदाम छताकडे बघत होते. तिने पंख्याचं बटण दाबलं आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, "बाबा, पंखा लावलाय." थोड्या वेळाने, "चादर काढू का?" मग, "उन्हाळा लवकर आला या वर्षी." ती उभी राहून आणखी काही सांगण्यासारखं शोधू लागली. त्या घरात बोलणारी आता ती एकटीच उरली होती, आणि ऐकणाऱ्याने तिला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं की त्याला ते देताच येत नव्हतं, हे तिला कुठल्याही कोशात सापडणार नव्हतं.